एकटी गाडी कुणाला हरवते?

१. धुरकऱ्याला ठाऊक असलेलं उत्तर

"ट्रॅकवर एकच गाडी पळतेय. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मग ती हरवते कुणाला?" टाइम अटॅक शर्यतीचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला याचं उत्तर समजावून सांगावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंडपिपरी, पोंभुर्णा, चामोर्शीकडच्या वाचकाला ते आधीच माहीत असतं, कारण त्याने शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेला असतो.

विदर्भात पट दोन तऱ्हांनी भरतो. एका तऱ्हेत दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात आणि पुढे जाईल ती जिंकते. दुसरीत एका वेळी एकच जोडी सुटते. धुरकरी ती हाकतो, ठरलेलं अंतर कापायला किती सेकंद आणि सेकंदाचा कितवा हिस्सा लागला ते घड्याळ सांगतं, आणि सगळ्या जोड्या पळून झाल्या की सर्वांत कमी वेळेची जोडी पहिली ठरते. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर अशा सेकंदांच्या पटासाठी नावाजलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अंतरिम परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला 'दिवसा पट, रात्री नाटक' हा हिवाळ्यातला क्रम पुन्हा रुळला.

टाइम अटॅक हा याच दुसऱ्या तऱ्हेचा पट आहे. बैलजोडीच्या जागी कारखान्यातून निघाल्यानंतर हाताने सुधारलेली मोटार, आणि सरळ पट्टीच्या जागी वळणावळणाचा बंद ट्रॅक. एक फरक मात्र मोठा आहे. पटात जोडी उभी असते आणि तिथून सुटते, त्यामुळे सुटण्याच्या क्षणाला फार महत्त्व असतं. टाइम अटॅकमध्ये गाडी आधी एक फेरी टायर आणि तेल तापवण्यासाठी मारते, मग पूर्ण वेगात रेषा ओलांडते. तिथून तीच रेषा पुन्हा ओलांडेपर्यंतची जी फेरी, ती मोजायची. त्यानंतर एक फेरी सावकाश, गाडी थंड करण्यासाठी. चालकाला अशा काही संधी मिळतात आणि त्यातली सर्वोत्तम वेळ त्याच्या नावावर लागते.

वेळ मोजण्यासाठी ट्रॅकखाली तार पुरलेली असते आणि गाडीत एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. ते तारेवरून गेलं की सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद होते. ताशी १५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण ४ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे अख्ख्या फेरीनंतर दोन गाड्यांमधलं अंतर चार बोटांपेक्षा कमी असलं तरी पहिली कोण ते कळतं.

२. घड्याळ कशाचा हिशेब ठेवतं?

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो: जिची टॉप स्पीड जास्त, ती गाडी जिंकणार. तो गैरसमज एका छोट्या गणिताने सुटतो.

दोन किलोमीटरचा एक ट्रॅक घ्या. त्यातला एक किलोमीटर सरळ आहे, तिथे गाडी ताशी १८० किलोमीटरने जाते. उरलेला एक किलोमीटर वळणांचा, तिथे ताशी ६०. सरासरी वेग किती? पटकन उत्तर येतं १२०. आता वेळ मोजू. सरळ भागाला २० सेकंद लागले, वळणांना ६० सेकंद. दोन किलोमीटरला एकूण ८० सेकंद, म्हणजे सरासरी ताशी ९० किलोमीटर. हळू चालणाऱ्या भागात गाडी जास्त वेळ अडकून राहते, म्हणून सरासरी त्याच बाजूला ओढली जाते.

आता दोन मित्र हीच गाडी सुधारायला घेतात. पहिला इंजिनावर पैसे ओततो आणि सरळ भागातला वेग १८० वरून २०० वर नेतो. त्याचा वेळ २० वरून १८ सेकंदांवर येतो, फायदा २ सेकंदांचा. दुसरा टायर, सस्पेन्शन आणि स्वतःच्या हातापायांवर मेहनत घेतो आणि वळणांतला वेग ६० वरून ६६ वर आणतो. त्याला आता ६० ऐवजी ५४.५ सेकंद लागतात, फायदा साडेपाच सेकंदांचा. पहिल्याने वेग २० किलोमीटरने वाढवला, दुसऱ्याने फक्त ६ ने. घड्याळाने बक्षीस दुसऱ्याला दिलं.

हे गणित ध्यानात ठेवूनच पुढची पानं वाचावीत अशी माझी विनंती आहे. गाडी सुधारणाऱ्यांच्या जगात हॉर्सपॉवरच्या आकड्याचं फार कौतुक होतं. टाइम अटॅक हा प्रकार मला प्रामाणिक वाटतो, कारण इथे त्या आकड्याला काहीच मान नाही. गाडी जिथे हळू होते, नेमकं तिथे ही शर्यत बोट ठेवते.

३. तळहाताएवढे चार तुकडे

गाडी रस्त्याला टेकते कुठे? चार टायर, आणि प्रत्येक टायरचा तळहाताएवढा तुकडा. वेग घेणं, थांबणं, वळणं ही तिन्ही कामं या चार तुकड्यांनाच करायची असतात. इंजिन कितीही ताकदीचं असो, ती ताकद याच तुकड्यांतून जमिनीत उतरते. ते घसरले की सगळं फुकट.

टायर आणि डांबर यांच्यातल्या पकडीला ग्रिप म्हणतात. एक सोपी मोजणी अशी: गाडीच्या वजनाइतक्याच जोराने टायर बाजूला धरून ठेवू शकत असेल, तर ग्रिप १. चांगल्या अवस्थेतला साधा टायर कोरड्या डांबरावर या आकड्याच्या आसपास असतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरला 'सेमी-स्लिक' म्हणतात. त्याचं रबर मऊ असतं आणि खाचा कमी असतात, त्यामुळे रबराचा जास्त भाग जमिनीला भिडतो. त्याची ग्रिप १.४ धरू.

१०० मीटर त्रिज्येचं एक अर्धगोल वळण घ्या. लांबी ३१४ मीटर. ग्रिप १ असेल तर गाडी या वळणात ताशी ११३ किलोमीटरपर्यंत टिकते आणि वळण १० सेकंदांत संपतं. ग्रिप १.४ झाली की वेग १३३ होतो, वेळ ८.५ सेकंद. इंजिनाला हातही न लावता एका वळणात दीड सेकंद वाचला. शिवाय वळणातून बाहेर पडताना वेग जास्त असल्यामुळे पुढच्या सरळ भागाची सुरुवातही वरून होते, तो फायदा वेगळा.

पण ग्रिप ही ठरावीक शिल्लक आहे. ब्रेक लावण्यात ती सगळी खर्च केली तर वळायला काही उरत नाही. म्हणून शिकाऊ चालक वळणाच्या मध्यावर घाबरून जोरात ब्रेक दाबतो आणि गाडी सरळ बाहेर निघून जाते. जाणता चालक सरळ रेषेत असतानाच जोरात ब्रेक मारतो. मग स्टिअरिंग जसजसं वळतं, तसतसा ब्रेकवरचा पाय सोडत जातो. एका कामातली ग्रिप काढून दुसऱ्या कामाला देत राहणं, हेच या खेळातलं मुख्य कौशल्य.

सस्पेन्शनचं कामही इथेच आहे. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, आतल्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि ती चाकं जमिनीवर नुसती टेकल्यासारखी राहतात. स्प्रिंग आणि शॉकअप कडक करून, गाडी जमिनीकडे उतरवून हे झुकणं कमी करतात. चाकांचा वरचा भाग किंचित आत कलवतात, त्याला कॅम्बर म्हणतात. त्यामुळे गाडी झुकली तरी बाहेरचा टायर पूर्ण रुंदीने जमिनीला भिडतो. अलाइनमेंटच्या मशीनवर होणारं हे काम इंजिनात टर्बो बसवण्याच्या तुलनेत फार स्वस्त आहे, आणि वेळेत पडणारा फरक मोठा.

४. हवेलाच गाडी दाबायला लावणं

टायर जितका जास्त दाबला जाईल तितका तो जास्त धरतो. मग गाडीत पोती भरून ती जड करावी का? नाही, कारण जड गाडीला वळवायला आणि थांबवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. मिळवलेलं सगळं तिथेच जातं. हवं असतं असं ओझं, जे टायर दाबेल पण गाडीचं वजन वाढवणार नाही.

ते ओझं हवेकडून मिळतं. विमानाचा पंख हवा खाली लोटतो आणि विमान वर उचललं जातं. तोच पंख उलटा करून गाडीच्या मागच्या बाजूला बसवला की गाडी खाली दाबली जाते. याला डाउनफोर्स म्हणतात. पुढे बंपरखाली जमिनीला समांतर फळी लावतात, तो स्प्लिटर. मागे गाडीच्या पोटाखालून येणारी हवा पसरत बाहेर काढणारा भाग, तो डिफ्यूजर. हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर दाब चौपट. म्हणून बाजारात जाणाऱ्या गाडीच्या डिकीवर लावलेला पंख शोभेचाच राहतो. ताशी ४० च्या वेगात त्याला करण्यासारखं कामच नसतं.

मघाचंच वळण पुन्हा घेऊ. सेमी-स्लिक टायर, ग्रिप १.४. आता हवा गाडीला तिच्या वजनाच्या निम्म्याइतकी खाली दाबते आहे. वळणातला वेग १३३ वरून १६३ वर जातो, वेळ ८.५ वरून ६.९ सेकंदांवर. साध्या टायरची साधी गाडी हेच वळण १० सेकंदांत घेत होती.

जगातल्या टाइम अटॅकच्या गाड्या आज इतक्या विचित्र का दिसतात, पुढे-मागे एवढ्या फळ्या का बाहेर आलेल्या असतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ३.९३ किलोमीटरच्या ट्रॅकवर 'वर्ल्ड टाइम अटॅक चॅलेंज' भरतं. २०१० मध्ये ते सुरू झालं तेव्हा जपानची 'सायबर इव्हो' नावाची मित्सुबिशी १ मिनिट ३० सेकंदांच्या थोड्या वरच्या वेळेने जिंकली. २०१८ मध्ये बार्टन मॉअर या चालकाने पोर्शे ९६८ च्या सांगाड्यावर बनवलेल्या गाडीत हीच फेरी १ मिनिट २० सेकंदांच्या आत आणली. आठ वर्षांत दहा सेकंदांहून जास्त. त्या गाडीचं इंजिन अफाट ताकदीचं आहे हे खरं, पण सिलिंडर चारच. आणि ती ताकद जमिनीत उतरवणारी गोष्ट म्हणजे तिचे प्रचंड पंख.

५. इंजिन: हवा किती गिळतं?

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण ते त्याहून कितीतरी जास्त हवा खातं. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे. कठीण आहे ते हवा जास्त भरणं.

टर्बो हेच करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून वाटेत इंटरकूलर बसवतात. त्याच्या नळ्यांमधून जाताना ही हवा थंड होते.

पेट्रोल किती आणि ठिणगी नेमकी कधी, हे ठरवणारा गाडीतला छोटा संगणक म्हणजे ईसीयू. कारखान्यातून निघताना त्यात भरलेले आकडे सगळ्यांसाठी असतात: काश्मीरची थंडी, चंद्रपूरचा उन्हाळा, भेसळीचं पेट्रोल, सर्व्हिसिंग टाळणारा मालक. म्हणून ते सावध असतात. ट्यूनर हे आकडे बदलतो, त्याला रिमॅप म्हणतात. टर्बो असलेल्या गाडीत रिमॅपने मोठा फरक पडतो. टर्बो नसलेल्या गाडीत थोडाच, कारण तिथे हवा वाढवण्याचा मार्गच नसतो.

सावधपणा काढून टाकला की धोका वाढतो. दाब आणि उष्णता फार झाली तर ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल भलत्या क्षणी आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे हे अवेळी पेटणं टाळण्याची त्याची क्षमता. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल बराच काळ ९१ ऑक्टेनचं होतं. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने निवडक शहरांत १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. रिमॅप कोणत्या पेट्रोलसाठी केला आहे हे मालकाला पाठ असायला हवं, आणि गावातल्या पंपावर तेच मिळतं का हे त्याने आधी पाहायला हवं.

आता आपल्या भागाचा मुद्दा: उष्णता. तो समजायला आधी जपानकडे पाहू. जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला इबाराकी प्रांतात त्सुकुबा नावाचा ट्रॅक आहे. तो १९७० मध्ये सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरपेक्षा किंचित जास्त, आणि टाइम अटॅकचं माहेर म्हणावं असं ते ठिकाण. सुधारलेल्या गाडीने इथे एका मिनिटाच्या आत फेरी मारणं ही बराच काळ मानाची गोष्ट होती. पुढे 'अंडर सुझुकी' या नावाने ओळखला जाणारा चालक निस्सान सिल्विया घेऊन ५० सेकंदांच्याही आत आला. ५० सेकंदांची फेरी म्हणजे ताशी १४७ किलोमीटर सरासरी, तीही वळणांसकट! तिथे विक्रमाचे प्रयत्न ऐन हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात. का? ५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२७ किलो असतं. ४५ अंशांना ते १.११ किलोवर येतं. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तेच इंजिन तेवढ्याच श्वासात सुमारे १३ टक्के कमी हवा घेतं. पंखांनाही विरळ हवा मिळते, म्हणून डाउनफोर्सही तेवढाच घटतो. रेडिएटर आणि इंटरकूलरचं काम मात्र वाढतं. देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत ज्याचं नाव दर उन्हाळ्यात येतं, त्या जिल्ह्यातल्या मेकॅनिकला उष्णता काय करते हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. ट्रॅकवर हे ज्ञान सोन्याच्या मोलाचं आहे, आणि त्याची किंमत आपल्याकडे अजून कुणी केलेली नाही.

६. थांबवण्याची ताकद

१२०० किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणायची आहे. ब्रेक या वेगाचं काय करतात? उष्णता. हिशेब केला तर एका वळणाआधीच्या एवढ्याशा ब्रेकिंगमध्ये इतकी उष्णता निघते की तिच्यावर साडेतीन लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. एका फेरीत असे सात-आठ प्रसंग येतात.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइलला ठरावीक तापमानाला उकळी फुटते: नव्या डॉट-३ ला किमान २०५ अंशांना, डॉट-४ ला २३० ला. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरली की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय थेट जमिनीला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. पावसाळा पाहिलेलं जुनं ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणं हा शुद्ध अविचार आहे. नवं ऑइल आणि चांगले पॅड यांचा खर्च एका टायरपेक्षा कमी येतो.

७. एका फेरीपुरता टायर

पूर्ण शर्यतीत टायर वीस-तीस फेऱ्या टिकवायचा असतो. टाइम अटॅकमध्ये तो एकाच फेरीत सर्वस्व देऊन मोकळा होतो. मऊ रबर ठरावीक तापमानाला सर्वांत चिकट असतं. त्याखाली ते निसरडं, त्यावर गेलं की पुन्हा निसरडं. म्हणून आधीची फेरी चालक नागमोडी चालवत, ब्रेक मारत काढतो.

हवेच्या दाबाचाही यात हिशेब आहे. सकाळी २५ अंशांना टायरमध्ये २६ पीएसआय हवा भरली, आणि धावता धावता आतली हवा ८० अंशांवर गेली, तर दाब ३३ च्या वर जातो. म्हणून ट्रॅकवरचे लोक थंड टायरमध्ये मुद्दाम कमी हवा ठेवतात आणि गाडी आत आल्याबरोबर गरम टायरचा दाब मोजून वहीत लिहितात. ही वही मला गाडीतल्या कुठल्याही महागड्या भागापेक्षा मोलाची वाटते. कुठे काय बदललं आणि वेळेत किती फरक पडला हे लिहिलं नाही, तर पुढच्या खेपेला पुन्हा अंदाजच करावा लागतो.

८. हे सगळं करायचं कुठे?

जगात अनेक ठिकाणी मोटारशर्यतींची सुरुवात विमानांच्या धावपट्ट्यांवर झाली. सपाट, रुंद, आजूबाजूला झाडं नाहीत, गाडी घसरली तर घसरायला जागा. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत, चेन्नईजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकापासून 'व्हॅली रन' भरू लागली, पण ती सरळ पट्टीवरची ड्रॅग शर्यत, सुमारे ४०२ मीटरची. तीही घड्याळावर चालते, फक्त तिथे वळणाची परीक्षा होत नाही.

कायमचे मोठे ट्रॅक देशात मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ पासून. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधला गेला. त्या वर्षी सेबॅस्टियन व्हेटेलने तिथे पात्रता फेरी १ मिनिट २४.१७८ सेकंदांत मारली, सरासरी ताशी २१९ किलोमीटर. पात्रता फेरी म्हणजे मोकळ्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्धची एक फेरी. म्हणजे फॉर्म्युला वनमध्येही शनिवारी टाइम अटॅकच चाललेला असतो!

महाराष्ट्रात मोटारशर्यतींनी खरी मुळं कोल्हापुरात धरली. मोहिते यांच्या कार्टिंग ट्रॅकभोवती तिथे चालकांची एक पिढी घडली. फोक्सवॅगनच्या अमेओ कपमध्ये चमकलेला ध्रुव मोहिते, फॉर्म्युला एलजीबीत उतरलेला चित्तेश मंडोडी आणि ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत पोहोचलेला कृष्णराज महाडिक हे सगळे कोल्हापूरचे. नाशिककडे रॅलीची परंपरा आहे, आणि रॅलीतही गाड्या एकेक करून सुटतात, निकाल घड्याळ देतं. विदर्भाच्या वाट्याला यातलं फारसं काही आलेलं नाही. मुलं आहेत, गॅरेजं आहेत, गाडीचं वेड आहे. मोकळी, सुरक्षित, परवानगी असलेली जागा तेवढी नाही.

९. बल्लारपूर-आष्टी रस्ता हा ट्रॅक नव्हे

जागा नाही म्हणून काही तरुण सार्वजनिक रस्ता निवडतात. इथे मी जरा कठोरपणे लिहिणार आहे.

बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरीमार्गे आष्टीकडे जाणारा रस्ता जंगलाला लागून जातो. कन्हाळगाव अभयारण्य याच भागात आहे. रानडुक्कर आणि चितळ रस्ता ओलांडतात, खनिजाचे ट्रक जातात, आणि संध्याकाळी दिव्याशिवायच्या सायकली असतात. ताशी १०० च्या वेगात समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे जाते. त्यानंतर रस्त्यावरच्या झिजलेल्या साध्या टायरवर थांबायला सुमारे ४९ मीटर. एकूण ७७. आता वेग १४० करा. पहिल्या सेकंदात ३९ मीटर, मग थांबायला ९६, एकूण १३५. वेग ४० टक्के वाढला आणि अंतर ७५ टक्के. रात्री खालच्या झोतात उजेड इतक्या लांब पोहोचतच नाही. म्हणजे जनावर दिसेल तेव्हा थांबण्याची शक्यता आधीच संपलेली असेल. ट्रॅकवर वळणाच्या बाहेर मातीचा मोकळा पट्टा असतो, टायरच्या भिंती असतात, झेंडे घेऊन माणसं उभी असतात, रुग्णवाहिका सुरू ठेवलेली असते, आणि समोरून कुणी येत नाही. इथे बाहेर साग आणि ऐन उभे असतात.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवून दिलेल्या रचनेत मूलभूत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून शर्यतीसाठी पूर्ण बदललेली गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर किंवा ट्रकात घालून नेतात. शर्यतीत उतरणाऱ्या चालकाला देशातल्या मोटारक्रीडा महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना लागतो.

१०. पहिला पैसा कशावर?

हा प्रश्न गॅरेजमध्ये बसलेली मुलं नक्की विचारतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक दुकानांत उलट्या क्रमाने मिळतं. तिथे आधी सायलेन्सर विकतात, मग रिमॅप, मग पंख.

घड्याळाच्या हिशेबाने क्रम असा लागतो. सर्वांत आधी चांगलं हेल्मेट आणि नीट बसणारा सीटबेल्ट. मग नवं ब्रेक ऑइल आणि पॅड. मग टायर आणि अलाइनमेंट. एवढं झालं की गाडी तशीच ठेवून ट्रॅकवर किंवा कार्टिंगच्या मैदानावर फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहायची. मोबाइलमधलं जीपीएसचं अ‍ॅपही सुरुवातीला पुरतं. एकाच चालकाच्या, एकाच गाडीतल्या, एकाच दिवसाच्या फेऱ्यांत सुरुवातीला दोन-तीन सेकंदांची तफावत दिसते. ती तफावत गाडीची नसते. चालकाची वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत स्थिर होईपर्यंत गाडीत काहीही बदललं तरी त्या बदलाचा परिणाम ओळखताच येत नाही, कारण रिमॅपने मिळालेला सेकंद कोणता आणि बरं वळण घेतल्यामुळे मिळालेला कोणता हे वेगळं काढता येत नाही.

वेळ स्थिर झाली की सस्पेन्शन, त्यानंतर वजन कमी करणं: मागची सीट, स्पेअर चाक, आतलं नको ते प्लास्टिक काढून टाकणं. याला पैसे लागत नाहीत, फक्त पाना आणि एक दुपार. इंजिनाला हात सर्वांत शेवटी लावायचा, आणि तेव्हाही आधी रेडिएटर आणि इंटरकूलर पाहायचे, मग टर्बोचा दाब वाढवायचा.